ठशावरची शेवटची रेघ

वडोदरा
२२ एप्रिल २०२४

दादा,

तुझं पाडव्याचं छापचित्र पोचलं. मलकपेठच्या रेसकोर्सवर सकाळी फिरवायला आणलेले तीन घोडे आणि मागं ते लांबच लांब कुंपण. पाकीट फोडण्याआधी रिवाजाप्रमाणे चष्मा पुसला, चहा घेतला आणि तुझ्या रेषेला काय काय बोलायचं ते मनाशी जुळवून ठेवलं. तेहतीस वर्षांचा सराव आहे. दिवाळीला एक, पाडव्याला एक अशी तुझी चित्रं येतात आणि मी दर वेळी लिहिते, की दादा, हे चित्र नव्हे, पाटबंधारे खात्याचा नकाशा आहे. तू बैल काढलास तरी त्याच्या पाठीवरून किती क्युसेक पाणी वाहील तेवढंच कळतं.

मग कागद उघडला आणि जुळवलेलं सगळं वाया गेलं.

ही रेषा तुझी? कुंपण श्वास घेतंय. मधल्या घोड्याचा पाय जमिनीला टेकू की नको असा घुटमळलाय. लिनोच्या मऊ ठशावर कोरणी चालवताना आयुष्यात पहिल्यांदाच तू कुठं पोचायचं ते न ठरवता निघालास. जन्मभर ड्राफ्ट्समनची नोकरी केलेल्या माणसाला हे सुचावं, तेही पेन्शन सुरू झाल्यावर सहा वर्षांनी! मी कॉलेजात तीस वर्षं पोरांना छापकला शिकवली. निम्म्यांना ही रेषा हवी होती. एकालाही सापडली नाही.

आता कामाचं. जानेवारीत बंजारा हिल्सच्या एका गॅलरीत मी प्रदर्शन लावतेय. एका बाजूला जुनी शिळाछापाची पानं, म्हणजे पंचांगं, देवादिकांची चित्रं, अत्तराच्या बाटल्यांवरची लेबलं. समोर आजच्या माणसांचं कागदावरचं काम. त्यात एक भिंत तुझी. नात्यामुळे नव्हे. नात्याला मी भिंत देत नाही, फार तर खुंटी देते. आठ नवी चित्रं पाठव, याच रेषेतली. आपला नियम तोच. प्रत्येक चित्राच्या दोनच प्रती, एक मला, एक तुला, आणि मग ठशावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारून ठसा रद्द. जगात तिसरी प्रत नाही.

प्रमिलावहिनीला सांग, तिच्या वरणाच्या पळीनं पाठीवरून घासून छापलेला कागद काचेत बसणार आहे.

त्रिवेणी

*

मलकपेठ, हैदराबाद
६ मे २०२४

चि. त्रिवेणीस,

तुझं पत्र आधी खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे गेलं, तिथं चार दिवस वेटिंगमध्ये बसलं आणि मग वर आलं. मी ते प्रमिलेला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "कळलं हो. श्वास घेणारं कुंपण झालं असेल तर कोथिंबीर घेऊन या." पळीबद्दल मात्र ती नाराज आहे. तिचं म्हणणं, काचेत तिची पळी लावा, कागद काय कुणीही घासेल.

तुला आठवतं का, गौलीगुड्याच्या त्या दोन खोल्यांत मामानं आपल्या दोघांचे कागद शेजारी शेजारी मांडले होते? मी अकरावीत, तू नववीत. जुन्या बसशेडचं चित्र दोघांनी काढलं होतं. मामानं, म्हणजे तुझ्या वडिलांनी, बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला: "त्रिवेणीला चित्रकलेला घालू. हिम्मतचा हात स्थिर आहे, त्याला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला." बापाविना भाच्याला पोटच्या पोरासारखं वाढवणारा माणूस, त्याच्याशी वाद घालायची माझी टाप नव्हती. पुढं मी आखलेल्या कालव्यांपैकी तीनमध्ये पाणी आलंच नाही, पण रेषेत दोष होता असं एकाही चौकशी समितीला म्हणता आलं नाही.

तर सांगायचं असं, की तुझ्या पत्राची मी सेहेचाळीस वर्षं वाट पाहत होतो. ते आलं. उत्तर काय लिहावं ते कळत नाही, म्हणून कोथिंबिरीचं लिहिलं.

रेषेचं विचारतेस. रहस्य काही नाही. कोरणी हल्ली सैल धरतो.

आठ चित्रं होतील. बाकी ठीक. प्रमिला चहा अर्धाच कप देते, सांडत नाही म्हणते. उद्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवायचंय. खांद्याचं काहीतरी. वय.

तुझा
हिम्मतदादा

*

वडोदरा
८ ऑगस्ट २०२४

दादा,

तीन चित्रं मिळाली. बेगम बाजारातली पितळी भांड्यांची उतरंड, मुसी नदीवरचा पूल, गच्चीवरचे वाळत घातलेले पंचे.

मी गोड बोलणार नाही, गोड बोलायला तुला शेजारी आहेत. कुठं गेली ती रेषा? भांडी अशी रचलीयत, जणू उद्या कलेक्टर तपासणीला येणार. पुलाची कमान परकारानं काढली असशील तर सांग, निदान परकाराचं अभिनंदन करते. आणि वाऱ्यावरचे पंचे! दादा, वाऱ्यावरचे पंचे तू इस्त्री केलेस!

एकदा हाती लागलेली गोष्ट अशी सोडतात का? घाबरलास बहुतेक. गॅलरी म्हटल्यावर कोटटाय घालून बसलास आणि कोरणी आवळून धरलीस. मोकळं सोड. घोडे काढताना जे काय करत होतास ते कर. जे काय घेत होतास ते घे, लिंबाचं सरबत असो की अजून काही.

ही तीन मी भिंतीवर लावणार नाही. ऑक्टोबरअखेर यादी छापायला जाईल. तोवर मला घोड्यांवाली रेषा हवी आहे, नाहीतर ती भिंत मी दुसऱ्या कुणाला देईन. देईन म्हणजे देईनच. तू मला ओळखतोस.

त्रिवेणी

*

मलकपेठ
१९ ऑगस्ट २०२४

चि. त्रिवेणीस,

भिंत देऊ नकोस.

ती रेषा कुठून येते ते मला ठाऊक आहे. परत आणतो. महिनाभर लागेल. मधे फोन करू नको, चित्रांचं बोलणं फोनवर करायचं नाही हा तुझाच नियम.

हिम्मतदादा

*

वडोदरा
१ ऑक्टोबर २०२४

दादा रे!

चार चित्रं आज आली आणि मी स्वयंपाक न करता तशीच बसून आहे. ती पतंगांच्या दुकानाची फळी! चाऱ्याच्या गाडीमागची गाय! आणि तुझ्याच खिडकीतून दिसणारी ती पाण्याची टाकी, पडेल पडेल असं वाटतं आणि पडत नाही. घोड्यांपेक्षाही पुढं गेलास. एका जागी कोरणी घसरून गाईचं शिंग लांबलंय. दुसऱ्या कुणी ते चित्र फेकलं असतं. तू ठेवलंस. याला म्हणतात धीर.

तुझं पत्र मात्र सोबत नव्हतं. पाकिटावरचा पत्ता तुझ्या लेकीच्या, रेणूच्या अक्षरात. कलावंत झालास, आता पत्ते लिहायला सेक्रेटरी!

आता शेवटचं एक. गौलीगुड्याची आपली जुनी बसशेड कर, याच रेषेत. ते भलंमोठं अर्धगोल पत्र्याचं छप्पर आणि आतून त्याच्या लोखंडी कमानी. शेड पडूनही आता वर्षं झाली, पण तुला एकेक कमान पाठ असणार. ते चित्र मी मधोमध लावीन. तुझ्या मामाच्या निकालाविरुद्ध अपील समज.

त्रिवेणी

*

मलकपेठ
१४ ऑक्टोबर २०२४

त्रिवेणीआत्या,

नमस्कार. मी रेणू. आत्या, मी मराठी बोलते पण लिहायची आदत नाही, शाळा इंग्लिश मीडियम होती. चुका माफ करा. फोन करणार होते पण बाबा हॉलमध्येच असतात, आणि ते म्हणतात त्रिवेणीशी चित्रांचं बोलणं कागदावरच.

बाबा ९ तारखेला बाथरूममध्ये पडले. डाव्या मनगटाला प्लास्टर आहे. बाकी ठीक आहेत. घाबरू नका.

पण मला दुसरं सांगायचंय. बाबांना कंपवात आहे. जानेवारीपासून हात थरथरत होता, मे महिन्यात डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी एकदम फरक पडला, आत्या. गोळी घेतली की पाऊण तासात हात थांबायचा आणि तीन तास मस्त. पूर्ण कप चहा! आई तर रडली.

मग ऑगस्टनंतर पुन्हा थरथर वाढली. पायपण आखडायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या लवकर असं होत नाही, गोळ्या वेळेवर घेताय ना? बाबा "हौ हौ, बरोब्बर घेतो" म्हणाले. ते पडले त्या दिवशी मी त्यांचं लिनोचं सामान आवरत होते, तर खाली वर्तमानपत्राच्या छोट्या छोट्या पुड्या. प्रत्येक पुडीत न घेतलेल्या गोळ्या. आणि प्रत्येक पुडीवर तारीख घातलेली! ड्राफ्ट्समन ना. गोळी लपवतानाही फाइलिंग नीट. पहिल्या पुड्यांवरचं अक्षर छापल्यासारखं सुंदर आहे. शेवटच्या पुड्यांवरची तारीख मला वाचताच आली नाही.

त्या पुड्यांखाली तुमचं ऑगस्टचं पत्र होतं. ते वाचायला मला अर्धा दिवस लागला, पण पूर्ण वाचलं. "जे काय घेत होतास ते घे" याच्याखाली बाबांनी लाल पेन्सिलीनं रेघ मारलीय. घोडे काढले तेव्हा ते काहीच घेत नव्हते, आत्या.

मी विचारलं, काहून केलं असं बाबा? ते म्हणाले, "बेटा, सेहेचाळीस वर्षांत तिनं एकदाच चांगलं म्हटलं. हात थांबला की ती रेषा जाते. दोन-तीन महिन्यांचाच सवाल होता." आई म्हणाली, "आग लागो त्या रेषेला," आणि पळी आत कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पण आता तुम्हीच सांगा त्यांना. आमचं ते ऐकत नाहीत. शेड करायची बोलके (तुमच्या मराठीत 'म्हणून') अजूनही गोळी जिभेखाली धरून बसतात, मी समोर उभी राहून गिळायला लावते.

तुमची
रेणू

*

वडोदरा
२२ ऑक्टोबर २०२४

हिम्मतराव यांस,

दादा म्हणायच्या लायकीचं वागशील तेव्हा दादा म्हणीन.

रेणूचं पत्र आलं. तीन दिवस तुला शिव्या लिहिल्या आणि फाडल्या. चौथ्या दिवशी कळलं की निम्म्या शिव्या भलत्या पत्त्यावर चालल्या होत्या. तीस वर्षं मी वर्गात पोरांना सांगत आले, आधी बघायला शिका. आणि स्वतः काय बघितलं? भावाचा हात कापतोय हे कागदावर ढळढळीत छापून आलं, आणि मी त्याला म्हटलं, वा, क्या बात है. अर्धा कप चहा तू लिहिलास. डॉक्टरीणबाई लिहिल्यास. दुसऱ्याच्या अक्षरातला पत्ता आला, तर मी विनोद केला. मला डोळे आहेत ते बहुधा चष्मा ठेवण्यासाठी.

आता तुझा हिशेब. साठी उलटलेल्या माणसानं बहिणीच्या एका शाबासकीसाठी गोळ्यांच्या पुड्या बांधाव्यात? मी कोण लागून गेले? माझी स्वतःची चित्रं शेवटची कधी कुणी मागितली होती ते विचार. डोकं आपटलं असतं तर मी त्या भिंतीवर काय लावणार होते, तुझा हार घातलेला फोटो?

ती चार चित्रं उत्तम आहेत. हे मी मागं घेणार नाही, चांगलं ते चांगलं. पण ती कपाटात गेली आणि कपाटातच राहतील. घोडे लावीन. ते तू फसवून काढले नव्हतेस.

आणि भांडी, पूल, पंचे, तिन्ही लावीन. हसू नकोस. एक गोष्ट तेहतीस वर्षं सांगितली नाही ती सांगते. तुझं चित्र आलं की मी ते जेवायच्या टेबलावर ठेवते आणि नावं ठेवायला बसते. नावं ठेवायची तर नीट बघावं लागतं, दादा. तासभर लागतो. कधी जास्त. दिवाळी आणि पाडवा, दर वर्षी दोन वेळा, तुझ्या त्या सरळ सरळ रेषांवरून मी गौलीगुडा ते मलकपेठ चालत जाऊन येते. जगात दुसऱ्या कुणाच्याही चित्राला मी इतकी नावं ठेवलेली नाहीत. लोकांच्या चित्रांना मी "छान" म्हणते आणि पान उलटते.

आता शेड. शेड करायचीच, पण मी सांगते तशी. रेणूला फोन करून तुझ्या गोळ्यांच्या वेळा विचारून घेतल्या आहेत. सकाळी आठला गोळी. पावणेनऊ ते बारा हात तुझा, त्या वेळात कोरायचं. सरळ कोर, परकार घे, फूटपट्टी घे, लाज बाळगू नको. बाराला दुसरी गोळी, मग जेवण आणि झोप. चारच्या गोळीआधीचा जो अर्धा-पाऊण तास हात सुटलेला असतो, त्यात छापायचं. कागदाच्या पाठीवरून पळी फिरवायला स्थिर हात लागत नाही. उलट स्थिर हात एकाच जागी दाबत राहतो आणि तिथं शाई डाग धरते. तुझ्या शाई-डागांबद्दलही मी तेहतीस वर्षं बोलतेय.

एकही पुडी पुन्हा सापडली तर प्रदर्शन रद्द. तू मला ओळखतोस.

वहिनीला म्हणावं, कुलूप काढ.

त्रिवेणी

*

मलकपेठ
२४ नोव्हेंबर २०२४

चि. त्रिवेणीस,

सोबत शेड. पहिली प्रत, दोनपैकी.

अहवाल देतो. प्लास्टर परवाच्या आठवड्यात निघालं, पण डाव्या हातात अजून जोर नाही, म्हणून लिनो रेणूनं धरला. एकवीस कमानी कोरल्या, रोज पावणेनऊ ते बारा, मधे चहाची सुट्टी. चहा पूर्ण कप. कमानी पाठ होत्या असं मला वाटत होतं, एकोणिसावीपाशी अडलो. मग आठवलं, तिथं चिमण्यांचं घरटं असायचं आणि तू त्याच्याखाली उभी राहून बस चुकवायचीस. घरटं घातलं, कमान बसली. रेणू म्हणाली, "बाबा, ही शेड मी किती वेळा बघितली, पण वर कधी बघितलंच नाही." पोरीनं आता माझी एक जुनी कोरणी उचलली आहे. काय कोरते ते दाखवत नाही.

पळीचं कुलूप सहजासहजी निघालं नाही. प्रमिला बेगम बाजारात जाऊन नवी पळी घेऊन आली. नवी वरणाला, जुनी मला, आणि दोन्हींच्या दांड्यांना वेगळ्या रंगाचा दोरा. दुपारी सव्वातीनला मी जुनी पळी घेऊन बसलो. हात सुटला होता. कागदावर ठेवला तर पळी आपली आपणच चालायला लागली. प्रमिला शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा घरात काहीतरी न सांगता घासताय." त्रिवेणी, तू खरं बोललीस. सबंध छप्पर एकसारखं काळं उतरलं. डाग नाही. शोधशील म्हणून आधीच सांगतो.

मग सहीची वेळ आली. खाली पेन्सिलीनं नंबर आणि सही घालायची, आणि गोळीला अजून पंधरा मिनिटं होती. मी म्हटलं, थांबतो, हात थांबू दे. प्रमिला म्हणाली, "कमानी सकाळच्या, घासणं दुपारचं, मग सही कुणाची, सकाळच्या माणसाची की दुपारच्या?" मी पेन्सिल उचलली. तशीच केली. चित्रातली प्रत्येक रेषा सरळ आहे, नाव तेवढं कापरं आहे. चालेल ना? नसेल चालत तर सांग, पण दुसरं नाव माझ्याकडे नाही.

गोळ्या घेतो. पुड्या आता रिकाम्या आहेत, त्यांत रेणू लिनोचा चुरा भरते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे राहणार, हळूहळू वाढणार, पण सांभाळून घेऊ. मी त्यांना विचारलं, हात किती वर्षं चालेल? त्या म्हणाल्या, कशासाठी हवाय? मी म्हटलं, वर्षाला दोन चित्रं. त्या हसल्या. म्हणाल्या, त्याची सोय करू.

तुझं पत्र प्रमिलेला वाचून दाखवलं नाही. एकट्यानं वाचलं. जेवणाच्या टेबलाचा भाग परत परत वाचला. कोथिंबीर आणायला गेलो नाही.

एक काम राहिलं आहे. दोन्ही प्रती निघाल्या, नियमाप्रमाणे ठशावर रेघ मारायला हवी. दोनदा कोरणी घेतली आणि ठेवून दिली. ती तू मार. जानेवारीत येशील तेव्हा बंजारा हिल्सला जाण्याआधी मलकपेठला ये, टेबलावर लिनो ठेवलेला असेल, शेजारी पूर्ण कप चहा. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकच रेघ, सरळ मार, वाकडी मार, तुझी मर्जी. तुझी मारून झाली की मी चष्मा पुसून समोर बसेन आणि तिला तासभर नावं ठेवीन.

तुझा
दादा